मधल्या रकान्याचा पाडाव

राजमान्य आळीप्रमुख हामाजिमा साहेब यांचे सेवेसी, आळीचा चिटणीस निवा याचा कमरेतून वाकून मुजरा. साहेबीं आज्ञा केली जे, कुनिएदांचे घरी मार्च महिन्यात जो संग्राम जाहला, त्याविषयी आळीत नाना बोलवा उठल्या आहेत, कोणी म्हणतो काडीमोड जाहला, कोणी म्हणतो गॅस गळाला, तरी खरा करीना लिहून फिरत्या फळीवर लावावा आणि बावीस घरांस कळवावा. त्याप्रमाणे लिहितों. सेवकाचे घर कुनिएदांचे घरास लागून, मधली भिंत पातळ, आणि चिझुरू बाई आमचे कुटुंबास सर्व सांगतात. सबब या बखरीत जे पाहिले ते आहे, जे ऐकिले ते आहे, आणि जे ओघानेच तसे जाहले असणार तेही आहे. कोणते कोणते हे पुसू नये, मजा जाते.

मूळ वृत्तान्त ऐसा जे, आपले ओकाझाकी म्हणजे लाल मिसोचा, त्या सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचा, मुलूख. येथे मुलाचे दूध सुटले की ते लाल साराचे वाटीस लागते, आणि परमुलखीच्या फिक्या साराचे नाव काढिल्यास म्हातारी माणसे नाक मुरडतात. ऐशा मुलखात तामोत्सु कुनिएदा हे पाणसळींचे कारखान्यात तपासनीस. काम काय, तर पाणसळ हाती घ्यावी आणि बुडबुडा मधोमध आला की पास, तसूभर सरकला की नापास. अडतीस वर्षे ही चाकरी केल्याने तो बुडबुडा त्यांचे मस्तकातही जाऊन बसला. त्यांची स्त्री चिझुरू बाई, माहेर क्योतो, गोडसर पांढऱ्या मिसोचे घराणे. लग्न जाहले आणि दोन दौलती एका पातेल्यात आल्या, बाईंनी निम्मे लाल, निम्मे पांढरे ऐसे सार करून रोज सकाळी वाटी पुढे ठेविली, आणि रोज पुसिले, "कसं झालंय?" आणि रोज उत्तर आले, "मा-मा."

हा शब्द मोठा बेरकी. बरे नाही आणि वाईटही नाही, हा त्याचा एक अर्थ; आणि कोणी संतापला असता 'असू दे, शांत हो' हा दुसरा. म्हणजे ज्या काडीने आग लावावी, तीच काडी विझवावयास न्यावी, ऐसी सोय. चौतीस वर्षे हे सार आणि हा शब्द चालिला.

परंतु यंदा एकतीस मार्चास कुनिएदा सेवानिवृत्त होणार, आणि एक एप्रिलापासून त्रिकाळ घरीच भोजनास बसणार, हे जवळ आले. तेव्हा बाईंनी मनाशी मसलत केली, आणि नवऱ्यास समोर बसवून हुकूम ऐकविला. "अहो, आजवर दिवसातून एक 'मा-मा' गिळला. तीन नाही गिळणार मी. एकतीस तारखेपर्यंत मला आवडतं की नाही ते सांगा. नाही सांगितलंत, तर पहिलीपासून पातेलं माळ्यावर. पुडी फोडायची, गरम पाणी ओतायचं आणि स्वतःचं स्वतः ढवळायचं." ऐसे बोलोन बाईंनी पुडीतल्या साराचे एक खोके विकत आणून फडताळात ठेविले, ते ऐसे की न्याहारीस बसल्यावर थेट डोळ्यांसमोर यावे. कुनिएदांनी खोक्याकडे पाहिले आणि चहा मागितला.

इकडे नागोयात लोकजीवन पाहणी संघाचे कचेरीत वेगळाच प्रसंग गुदरला. हा संघ दरसाल चिठ्ठ्या टाकून हजार घरे निवडितो आणि रोजच्या जगण्याविषयी मते पुसतो: भात कसा, झोप कशी, शेजार कसा. पाच रकाने, मधला रकाना 'सांगता येत नाही'. आणि सारी रयत वर्षानुवर्षे त्या मधल्या रकान्यातच तळ देऊन राहिलेली. आयुष्यात समाधानी आहात काय, तर सांगता येत नाही. शेजारी आवडतात काय, तर सांगता येत नाही. आपण जिवंत आहात काय ऐसे पुसते, तरी निम्म्यांनी तोच गोल केला असता. सेवकासही बोलावयास तोंड नाही, लग्नाचा रुकार सेवकाने याच शब्दांत दिला होता.

तेव्हा संघाचे सरदार हिबिनो यांनी सात जणांची सभा भरविली आणि पुसिले की मधला रकाना काढावा काय. सातही जण म्हणाले, सांगता येत नाही. ते ऐकोन हिबिनोंचे मस्तक फिरले, आणि त्यांनी एकट्याचे जबाबदारीवर फर्मान काढिले जे, मधला रकाना आजपासून खालसा. आता चारच उत्तरे, आवडते, त्यातल्या त्यात आवडते, त्यातल्या त्यात आवडत नाही, आवडत नाही. आणि एकही सवाल कोरा सोडिल्यास सवालनामा बाद, व आणणाराने पुन्हा त्याच घरी जावे. मग चिठ्ठ्या पडल्या, आणि ओकाझाकीत कुनिएदा तामोत्सु, वय साठ, हे नाव निघाले.

मुलूखगिरीवर आल्या मिझोगुची बाई. पाहणीचे कामात बावीस वर्षे, सायकल, पुढे टोपली, टोपलीत सवालनामे आणि भेटीदाखल द्यावयाचे टॉवेल. कुत्रे, पाऊस आणि 'घरी कोणी नाही' ऐसे स्वतः ओरडणारे गृहस्थ, या तिन्हींस न डगमगणारी बाई. आठ मार्चास त्या दारी आल्या, टॉवेल अर्पण केला, सवालनामा दिला, म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी न्यायला येईन. साहेबांनीच भरायचा हं, बाईसाहेबांनी नाही." आणि कूच केले.

सवाल सेहेचाळीस. कुनिएदांनी तीस सवाल खाली मान घालून मारिले. एकतिसावा सवाल समोर आला: 'आपल्या घरचे मिसोचे सार आपणांस आवडते काय?' चिझुरू बाई पाठीमागे इस्त्री करीत होत्या, त्यांची इस्त्री थांबली. कुनिएदांनी कपाटातून मोजपट्टी काढिली, दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरामधले अंतर मोजिले, ते निम्मे केले, टिंब दिले, आणि बरोबर त्या टिंबावर एक सुबक गोल काढिला. मधला रकाना संघाने मोडिला होता, तो यांनी घरी बांधिला.

पंधरा तारखेस मिझोगुची बाईंनी तो गोल पाहिला. "साहेब, गोल फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण तो कशालाच लागत नाहीये." ऐसे म्हणोन खोडरबर हातावर ठेविले, आणि सवालनामा परत करून दुसरे मोहिमेचा वायदा बावीस तारखेचा केला.

ती सात दिवसांची झुंज काय वर्णावी. कुनिएदा दोहोंस गोल करीत आणि खोडीत, मग तिहींस करीत आणि खोडीत. सोमवारी दोन, मंगळवारी तीन, बुधवारी काही नाही, कारण बुधवारी कचरा टाकावयाची पाळी त्यांची. शुक्रवारपर्यंत खोडून खोडून कागद झिजला, आणि एकतिसाव्या सवालास भगदाड पडिले. बावीस तारखेस मिझोगुची बाईंनी सवालनामा उजेडाकडे धरिला, त्या भगदाडातून त्यांस दारातला छत्र्यांचा घडा दिसला, आणि बावीस वर्षांत प्रथमच त्या दाराच्या पायरीवर मटकन बसल्या.

चिझुरू बाई आतून म्हणाल्या, "बघा. हे असंच असतं. लग्नाला विचारलं तेव्हा तरी हो म्हणाले होते का, आठवत नाही मला."

"कोरा सवालनामा आणते," मिझोगुची बाई म्हणाल्या. "पण आता तोंडी. मी विचारणार, तुम्ही सांगणार, मी लिहिणार. कायद्यात बसतं ते."

एकोणतीस मार्च, शनिवार, सकाळचा दहाचा सुमार, मुदतीस दोन दिवस उरलेले. मिझोगुची बाई पायरीवर पेन्सिल सरसावून बसल्या, कुनिएदा समोर गुडघे मोडून बसले, आणि चिझुरू बाई स्वयंपाकघराचे दारात हाती डाव घेऊन उभ्या राहिल्या. तीस सवाल सरसर गेले. मग सवाल एकतिसावा.

"तसं बघायला गेलं तर..." कुनिएदा म्हणाले.

"नका बघायला जाऊ. सांगा," मिझोगुची बाई म्हणाल्या.

"म्हणजे, परिस्थितीनुसार..."

तेव्हा चौतीस वर्षांचा दारूगोळा एकदम पेटला. "परिस्थिती?" चिझुरू बाई डाव उगारून पुढे आल्या. "पातेलं तेच, मी तीच, वाटी तीच, कसली परिस्थिती? चौतीस वर्षं पहाटे उठून ढवळतेय मी, आणि एका माणसाला ते घशाखाली बरं लागतं की नाही, एवढंसुद्धा मला माहीत नाही! शेजारच्या मांजराचं मला जास्त माहीत आहे!"

कुनिएदा दोन्ही हात वर करून घाबरत म्हणाले, "मा-मा, मा-मा!"

मिझोगुची बाईंची पेन्सिल कागदावर आली. "मा-मा म्हणजे बरं. त्यातल्या त्यात आवडते, दोनला गोल करते."

"नाही, नाही, ते हिला शांत हो म्हणालो!" कुनिएदा ओरडले. "दोन लिहू नका! दोन नाही ते!"

आळीस कळावे जे, कुनिएदांचे तोंडून 'नाही' हा शब्द इतक्या मोठ्याने बाहेर पडल्याचे यापूर्वी कोणाचे ऐकिवात नाही. सेवक भिंतीस कान लावून होता, त्याचाही चहा सांडला. पेन्सिल थांबली, डाव थांबला.

"मग किती?" चिझुरू बाईंनी हळूच पुसिले.

कुनिएदा जमिनीकडे पाहत बोलले. "लग्नाच्या पहिल्या महिन्यात तू माझ्या आईसारखं लाल केलंस. माझ्यासाठी. आणि स्वतः पिताना डोळे गच्च मिटायचीस, औषध प्यावं तसं. मी बघत होतो. मग एक दिवस तू दोन्ही मिसळलंस, आणि डोळे उघडे ठेवून प्यालीस. आता मी आवडत नाही म्हटलं, तर तू पुन्हा लाल करणार, पुन्हा डोळे मिटणार. आणि आवडतं म्हणावं, तर... खोटं कसं बोलू? ते बेचव आहे, अगं. ना तुझं, ना माझं."

चिझुरू बाईंनी डाव खाली ठेविला. मग त्या तिथेच मिझोगुची बाईंशेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही नाही आवडत. कधीच नाही आवडलं. तुम्हाला निम्मं तरी लाल मिळावं म्हणून करत होते." आणि हसू लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईतो.

मिझोगुची बाई नाक पुसून म्हणाल्या, "चार लिहू?"

"चार," दोघे एकदम म्हणाले. "आवडत नाही. ठळक करा."

ऐसा सवाल एकतीस फत्ते जाहला. आपला स्वयंपाक नापास जाहला म्हणोन स्त्रीने आनंदाने पाहुणीस मोचीचा, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा, खाऊ बांधून दिला, ऐसे या आळीत दुसरे उदाहरण नाही. त्याच दिवशी तह ठरला: पातेली दोन, धाकटी, पांढरे बाईंनी करावे, लाल ज्याचे त्याने करावे, भांडी निवृत्ताने घासावी. पुड्यांचे खोके सेवकाचे घरी नजराणा म्हणोन आले. सार बरे आहे, त्यातल्या त्यात.

एक एप्रिलाचे सकाळी कुनिएदा कारखान्यास न जाता चुलीपाशी उभे राहिले, आयुष्यात प्रथम मिसो विरघळविला, सार वाटीत ओतिले, एक घोट घेतला, आणि कोणी न पुसता म्हणाले, "खारट झालंय." चौतीस वर्षांतले पहिले आपखुशीचे मत, आणि तेही स्वतःचे हातच्या साराविषयी. ते पडेल चेहऱ्याने वाटीत पाहत राहिले. तेव्हा चिझुरू बाईंनी आपली पांढरी वाटी खाली ठेविली, त्यांची लाल वाटी उचलिली, एक घोट घेतला, डोळे उघडे ठेवून गिळिला, आणि त्यांचे पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"मा-मा."

येणेप्रमाणे करीना समाप्त. प्रत्येक घराने वाचून खाली शिक्का उठवावा आणि फळी शेजारी पोचती करावी. मजकूर आवडला की नाही तेही लिहावे. 'सांगता येत नाही' हा रकाना या फळीवर ठेविलेला नाही.