बुधवार, एक ते तीन

दिघे काका आमच्या घरी आले की आधी बसत नाहीत. छत्रीच्या टोकानं छतावरचा स्मोक डिटेक्टर दाबतात. तो किंचाळतो, आमच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि काका खुर्ची ओढत समाधानानं म्हणतात, "चालतोय. आत्तापुरता."

मग मी चहा टाकते. करणार काय?

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्यापासून चौथं घर त्यांचं. काकू जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच राहतात. औषधांच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत होते. सगळे जण गोळी चांगली आहे म्हणत असताना ती वाईट कशी असू शकते, हे शोधून काढायचा त्यांना पगार मिळत असे. रिटायर झाल्यावर पगार थांबला, शोध थांबला नाही. मागे त्यांच्या शेजारच्या अमेरिकन बाईनं नवीन राहायला आल्यावर केळ्याचा केक करून आणून दिला. काका मला म्हणाले, "आपल्यालाच का? यात काहीतरी गोम आहे." या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्या बिचारीला काहीच नको होतं. काका अजून वाट बघतायत.

अशा माणसासमोर मी आयर्लंडचं नाव काढलं, ही सर्वस्वी माझी चूक. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या पॉटलकला माझ्या तोंडून निघून गेलं की लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला मी आणि समीर मे महिन्यात पाच दिवस पश्चिम आयर्लंडला चाललोय. शॅननला उतरायचं, मोहेरचे कडे बघायचे, बरेनच्या दगडी माळावर चालायचं, कॉनेमारात दोन टेकड्या चढायच्या आणि परत यायचं. मला वाटलं, काका म्हणतील, तिथे पाऊस फार. काकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. म्हणाले, "प्लॅन कोणी तपासलाय?"

"तपासायचं काय त्यात? बुकिंग करायचं आणि जायचं."

"शनिवारी दहाला येतो."

त्या शनिवारपासून आमचं डायनिंग टेबल आमचं राहिलं नाही. काका लॅपटॉप घेऊन येत, डिटेक्टर दाबत, आणि मी हौसेनं निवडलेलं एकेक ठिकाण नापास करत. एका होमस्टेची पानं मी उघडून दाखवली. छान खोल्या, गॅलरीतून समुद्र, सकाळचा नाश्ता फुकट.

"नाश्ता फुकट," काका म्हणाले. "म्हणजे गादी वाईट."

"काका, लोकांनी किती चांगलं लिहिलंय ते तरी बघा."

"बघितलं. चाळीस जणांनी 'लव्हली' लिहिलंय. चाळीस वेगवेगळ्या माणसांना एकच शब्द सुचतो? हे सगळं एकाच बाईनं बसून लिहिलंय. आणि हा फोटो बघ. निळं आकाश. आयर्लंडमध्ये! कधीचा आहे हा फोटो?"

चालायच्या वाटांचीही तीच गत. एका टेकडीसमोर 'मॉडरेट' लिहिलेलं होतं. काकांनी विचारलं, "कोणासाठी मॉडरेट? लिहिणाऱ्याचं वय काय? गुडघे कसे आहेत त्याचे?" रस्त्यात मेंढ्या येतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तर प्रत्येक प्रवासात पंधरा मिनिटं 'मेंढ्या' म्हणून वाढवली. हे सगळं ते एका शेअर्ड शीटमध्ये भरत. मार्चमध्ये आम्ही नवीन रेनकोट घेतले. ते वॉटरप्रूफ आहेत हे दुकानदार म्हणतो, यापलीकडे पुरावा काय? म्हणून काकांनी मला आणि समीरला रेनकोट घालून त्यांच्या लॉनवरच्या स्प्रिंकलरखाली दहा मिनिटं उभं केलं. केळ्याच्या केकवाली बाई खिडकीतून बघत होती. तिला त्या दिवशी आमच्याबद्दल काय वाटलं असेल, याचा मी विचार करत नाही. समीरचा रेनकोट खांद्यात गळला, हेही इथे कबूल करायला हवं.

तिकडे डावीकडून गाडी चालवायची असते, म्हणून एका रविवारी कम्युनिटी सेंटरच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये काकांनी समीरकडून तासभर उलट्या बाजूनं गाडी चालवून घेतली. तो घरी आला तो घाम पुसतच. "यार, पाच दिवस कुठल्यातरी बीचवर जाऊन पडू या ना आपण," म्हणाला. "मेक्सिको वगैरे."

आणि मग एप्रिलच्या पहिल्या शनिवारी काका, चहाच्या कपात बघत, सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "मी पण येतो. तिकीट काढलंय. तुमच्याच फ्लाइटचं. सीट लांब घेतलीय, तुम्हाला त्रास नको."

लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला दिघे काका! समीरनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी सरळ स्वयंपाकघरात गेले. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त मला आला संशय. तीन महिने दर शनिवारी त्या माणसाबरोबर बसून मलाही त्यांचा रोग लागला होता. हा गृहस्थ घराजवळच्या तळ्याला फेरी मारायची तर 'पाणी कुठून येतं' विचारतो. तो कॉनेमारात टेकडी चढायला का निघाला?

मी शीट उघडून बसले. गेल्या तीन महिन्यांत त्यातलं सगळं चार-चार वेळा बदललं होतं. होमस्टे बदलले, टेकड्या बदलल्या, एकदा तर कडेच रद्द झाले होते. बदलली नव्हती फक्त एक ओळ. 'बुधवार, एक ते तीन, क्लिफ्डन, लंच.'

दोन तास लंच? काका बाहेरचं खात नाहीत. स्वयंपाकघर बघू देत असतील तरच हॉटेलात पाऊल ठेवतात, आणि ते कोणी बघू देत नाही. घरून नेलेला दशमी-चटणीचा डबा गाडीत बसून अकरा मिनिटांत संपवणारा हा माणूस. मी ती ओळ खोडली आणि त्या जागी एक किल्ला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला गेलेला, लंच परत आलेलं. मी पुन्हा खोडलं. दुपारी पुन्हा हजर.

"काकांचं तिकडे कोणीतरी असेल," समीर म्हणाला. "ऑनलाइन ओळख वगैरे. होतं हल्ली."

"दिघे काका ऑनलाइन ओळख करतील? समोरच्या बाईचं जन्मप्रमाणपत्र मागतील."

त्या ओळीत एक पत्ताही होता. मी तो नकाशावर टाकला. मला वाटलं होतं, एखादं कॅफे निघेल. निघाला जनावरांचा दवाखाना. गावाच्या टोकाला, निळ्या दाराचा, बाहेर एक ट्रेलर उभा. काका कुत्रं दिसलं तरी रस्ता ओलांडतात. दोन तास जनावरांच्या दवाखान्यात हे काय खाणार होते?

मला शनिवारपर्यंत थांबवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी थेट त्यांच्या घरी गेले आणि दारातच विचारलं, "काका, क्लिफ्डनला काय आहे?"

"लंच."

"जनावरांच्या दवाखान्यात?"

काका आत गेले, मी मागोमाग गेले. टेबलावर एका माणसाचं ताट, झाकलेलं. काका बसले आणि चष्मा पुसू लागले. तो स्वच्छ होता, तरी पुसत राहिले.

"रेवा आहे तिथे," म्हणाले.

रेवा त्यांची मुलगी. तिचं नाव मी मंडळातल्या जुन्या लोकांकडून एक-दोनदा ऐकलं होतं, दबक्या आवाजात. काकांच्या तोंडून कधीच नाही. ती इथेच शिकून जनावरांची डॉक्टर झाली. तिच्या वर्गात एक आयरिश मुलगा होता, ब्रेन्डन. काकू गेल्यानंतर दोन वर्षांनी रेवानं सांगितलं, मी याच्याशी लग्न करतेय.

"मग मी चौकशी केली," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चौकशी, मृणाल. मुलगी देताना करतात ती. आपल्याकडे कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी शेजारी निघतो, तो सांगतो मुलगा कसा आहे, घर कसं आहे. तिथे माझं कोण होतं? मी फॉर्म बनवला. त्याच्या गावच्या पोस्टात फोन केला, शाळेत केला, चर्चच्या पाद्रीबाबांना केला. त्याच्या वडिलांना पोस्टानं फॉर्म पाठवला. घरात कोणाला दमा आहे का, दारू किती, राग आला की मुलगा काय करतो, असं सगळं. सदतीस प्रश्न."

मी डोक्याला हात लावला. "आणि?"

"गाव लहान. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की अमेरिकेतला कोणी म्हातारा ब्रेन्डनचा दमा विचारतोय."

"पण निघालं काय चौकशीत?"

"मुलगा उत्तम. एकसुद्धा खोट नाही." काकांनी चष्मा घातला. "तेच मला संशयास्पद वाटलं. म्हणून पुन्हा एकदा सगळ्यांना फोन केले."

मला हसू आलं, आणि हसले याची लगेच लाजही वाटली. त्या दुसऱ्या फेरीनं सगळं मोडलं. रेवा घरी आली, एवढंच म्हणाली की बाबा, तुम्ही त्याला नाही, मला तपासलंत. आणि गेली. लग्नाचं बोलावणं तिनं पाठवलं होतं. काका गेले नाहीत. रिपोर्टमध्ये चूक नव्हती, मग माफी कशाची मागायची, असं त्यांना तेव्हा वाटत होतं. सहा वर्षं झाली याला.

"तिची आई असती तर तिनं त्या मुलाला एकदा जेवायला बोलावलं असतं," काका म्हणाले. "वरणभात वाढता वाढता ओळखलं असतं कसा आहे तो. मला नाही ते येत. मला माणूस कळत नाही गं. मला फॉर्म लागतो."

"तुम्ही येताय हे तिला माहितीय?"

"नाही."

"मग बुधवारी तिथे जाऊन काय करणार?"

"दवाखाना एकला बंद होतो. जेवायला बाहेर येतात ती दोघं. आपण समोरच गाडी लावायची. तिनं बघितलं, तर सांगायचं, शेजाऱ्यांबरोबर फिरायला आलो होतो, वाटेत गाव लागलं. पाच दिवसांचा प्लॅन आहे, दाखवता येतो." ते जरा थांबले. "आणि नाही बघितलं, तर मी बघेन. गाडीतून दिसली तरी चालेल मला."

मी आता सरळ सांगते, मला रडू आलं, आणि त्यांचा भयंकर रागही आला. सहा वर्षं! आणि आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा, टेकड्यांचा, मेंढ्यांचा एवढा मोठा आडोसा उभा करायचा, कशासाठी, तर पोटच्या मुलीला गाडीच्या काचेतून बघण्यासाठी! मी नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत बोलले. म्हटलं, काका, तिला आत्ता कळवा, नाहीतर मी बुधवारची ओळच काय, आख्खी शीट उडवते.

"आणि ती येऊ नका म्हणाली तर?"

"तर काय, ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

काकांनी मग लॅपटॉप उघडला. पत्र लिहायला घेतलं, 'प्रिय रेवा'पुढे सरकेना. शेवटी त्यांनी त्यांना जमतं तेच केलं. पत्र पुसलं आणि शीट तिला शेअर करून टाकली. खाली एक अक्षर नाही. बुधवारच्या ओळीत मात्र 'लंच'च्या जागी त्यांनी लिहिलं, 'रेवाला भेटणे, ती हो म्हणाली तर.'

शनिवारी सकाळी दहाच्या ऐवजी ते आठलाच आले. स्मोक डिटेक्टरकडे बघितलंही नाही. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "तूच उघड."

मी उघडला. आणि बघते तर काय, शीटभर पिवळे डाग. जवळजवळ प्रत्येक रकान्यावर कॉमेंट. सोमवारच्या होमस्टेवर लिहिलं होतं, 'ही खोली दमट आहे. मागच्या हिवाळ्यात पाहुण्यांना इथे ठेवलं होतं. दुसरी शोधा.' मेंढ्यांपुढे, 'पंधरा मिनिटं कोणत्या आधारावर? मे महिन्यात पिल्लं असतात. अर्धा तास धरा.' टेकडीपुढे, 'बाबांच्या गुडघ्याचा शेवटचा एक्सरे कधीचा? तो बघितल्याशिवाय ही टेकडी नाही.' समीरच्या नावापुढे, 'हे ड्राइव्ह करणार? अरुंद रस्त्यांचा अनुभव किती?' समीर मागे उभा राहून वाचत होता, तो बिचारा आपण होऊन दोन पावलं मागे सरकला.

काका स्क्रीनजवळ वाकले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"तिनंच लिहिलंय कशावरून?" मी विचारलं. त्यांची जरा गंमत करावी म्हणून.

"तिनंच," काका म्हणाले.  "एवढ्या चुका दुसरं कोण काढणार?"

बुधवारची ओळ आणखी खाली होती. तिथे मी आधी गेले नाही, त्यांनाच जाऊ दिलं. त्यावरची कॉमेंट छोटी होती. 'दोन तासांत काय होतं? तिघंही मुक्कामाला या. ब्रेन्डन वरणभात शिकलाय.'

काका खुर्चीत मागे टेकले.  मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि त्या कॉमेंटखाली एका बोटानं एक-एक अक्षर शोधत टाइप केलं, 'येतो.' पाठवण्याआधी त्यांनी ते कोणालाच तपासायला दाखवलं नाही.