दिवा धरणारे तिघे

“दोन तास! फार तर अडीच!” बुधवारी सकाळी शेडचं दार ढकलता ढकलता ओरेस्ट हलुश्चाकनं जाहीर केलं. “दहाच्या कॉफीपर्यंत डॅशबोर्ड बाहेर आणि जेवणाच्या आत परत जागेवर!”

त्याची बायको स्टेफी मागे उभी होती. कोटाच्या टोपीतून तिचं फक्त नाक दिसत होतं.

“शनिवारी सातला निघायचंय.”

“अगं, आज बुधवार आहे!”

“म्हणूनच आज सांगतेय. तुझा पिकअप तयार नसेल तर आम्ही चौघी टिल्डाच्या गाडीनं जाऊ. चौघी आणि आमचे चार लांब दांड्यांचे ब्रश. तुला जागा नाही.”

बर्फावर जड दगड सरकवायच्या आणि त्यांच्या वाटेवर ब्रश घासायच्या कर्लिंग नावाच्या खेळात स्टेफी संघाची कप्तान होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता, आणि त्या बावीस वर्षांत ओरेस्टनं तिचा एकही सामना चुकवला नव्हता! हाच कसा चुकवेल?

पण बाहेर उणे पस्तीस आणि पिकअपचा हीटर गळका. पाच मिनिटांत समोरच्या काचेवर आतून बर्फ धरायचा. त्याच्यामधला हीटर कोअर बदलायला हवा होता. ही वस्तू तशी साधी. एका जाड वहीएवढा जाळीचा डबा. त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं, पंखा त्यावरून वारा मारतो आणि आतली माणसं थिजत नाहीत. पण ती असते कुठे? गाडी बनवणाऱ्यांनी आधी हा डबा जमिनीवर ठेवला असावा आणि मग उरलेली अख्खी गाडी त्याच्याभोवती बांधली असावी!

दहा वाजता डॅशबोर्ड अर्धाही निघाला नव्हता, पण कॉफी मात्र वेळेवर झाली. सस्काचेवान प्रांताच्या त्या भागात शेडमध्ये उजेड दिसला की शेजारी गाडी वळवतोच. बोलावणं लागत नाही. आणि आलेल्याला नुसती कॉफी पाजून पाठवणं म्हणजे त्याचा अपमान. त्याच्या हातात पाना द्यावाच लागतो!

पहिला आला म्हातारा आयनार. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढलेला, अत्यंत नीटनेटका. मग स्टेफीच्याच संघातली, शाळेची बस चालवणारी टिल्डा मुलांना सोडून आली. शेवटी रस्त्यावरचा बर्फ लोटणारं यंत्र अंगणात लावून गॅस्टन उतरला.

“आम्ही काय, आपलं जवळपास आहोत,” असं म्हणत तिघं आत शिरले आणि मुंग्या साखरेच्या पोत्यात शिराव्यात तसे पिकअपमध्ये दिसेनासे झाले. जेवणापर्यंत डॅशबोर्ड बाहेर! गाडीचा चेहराच काढून ठेवल्यासारखा. आतून वायरी लोंबत होत्या. गुरुवारी दुपारी नवा हीटर कोअर जागेवर बसला. ओरेस्ट खुशीत शीळ घालत होता.

शुक्रवारी सकाळी शीळ बंद पडली.

त्यानं प्रत्येक जागेचे स्क्रू केकच्या साच्यात वेगवेगळ्या खळग्यांत ठेवले होते. तो साचा आता स्वयंपाकघरात लख्ख घासून पालथा घातलेला होता, आणि सगळे स्क्रू एकाच डब्यात! त्यात वायरी तीस आणि टोकं साठ. अंदाजानं जोडून पाहिल्या, तर दिव्याचं बटण दाबल्यावर हॉर्न वाजला, आणि हॉर्न दाबल्यावर वायपर नाचायला लागले!

दहाला तिघं हजर झाले.

“आयनार, हा ब्रॅकेट तुम्ही सोडवला होता ना? कुठला स्क्रू याचा?”

“मी? छे रे बाबा! मी आपला दिवा धरून उभा होतो.”

“टिल्डा, ही वायर?”

“मला कुठलं येतंय त्यातलं! मी दिवा धरला होता.”

“गॅस्टन?”

गॅस्टननं टोपी काढून हातात घेतली. “मी तर फक्त दिवा…”

“अरे, शेडमध्ये दिवा एकच आहे!” ओरेस्ट कडाडला. “तिघांनी तोच धरला, तर डॅशबोर्ड काय आपल्या पायांनी बाहेर आला?”

तिघंही खाली बघत कॉफी ढवळू लागले. गॅस्टन तर साखरही घेत नसे! खोटं बोलत होते असं नाही बरं का. स्वतः केलेलं काम स्वतःच्या तोंडानं सांगणं ही त्यांच्या लेखी घाणेरडी सवय होती. आयनारचा पूर्वी एकदा पेपरात फोटो आला, तर तो आठवडाभर गावात फिरकला नव्हता!

ओरेस्टनं कपाळाला हात लावला. टिल्डाची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून चौघींना घेऊन निघून गेली.

तेवढ्यात स्टेफी दालचिनीचे गरम पाव घेऊन आली. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “आयनार, टिल्डाचा हात कसा चालतो हो?”

“टिल्डाचा?” म्हातारा एकदम फुलला. “अगं, पाठीवर पडून, मान वाकडी करून तिनं त्या खणामागचे चार छोटे स्क्रू एका हातानं काढले! मटार सोलावेत तसे!”

“इश्श, काहीतरीच!” टिल्डा लाल झाली. “खरं काम गॅस्टनचं. स्टिअरिंगखालचे ते दोन जाड बोल्ट! गंजून दगड झाले होते. पण त्यानं गोंजारून गोंजारून सोडवले.”

“आणि आयनारच्या वायरी!” गॅस्टनला राहवेना. “पिवळी हॉर्नची, निळी दिव्याची. सगळ्या क्रमानं. सत्तरी उलटलेला माणूस, पण बोटं बघा!”

स्टेफी विचारत गेली आणि ओरेस्ट स्क्रू उचलत गेला. अहाहा, काय माणसं ती! प्रत्येकाला दुसऱ्याचा एकेक स्क्रू तोंडपाठ होता. संध्याकाळी पाचला डॅशबोर्ड जागेवर बसला, हॉर्न हॉर्नसारखा वाजला, आणि हीटरमधून असा गरम झोत आला की ओरेस्टची टोपी उडाली!

“आता थोडा कमी करू,” म्हणून त्यानं कळ फिरवली. काही फरक नाही. गरम-थंड करणारी तार तुटलेली होती!

“ही कुणी काढली?”

तिघं पुन्हा कॉफी ढवळू लागले. स्टेफीनं हळूच विचारलं, “आमच्या ओरेस्टचं काम कसं होतं हो?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी गॅस्टन म्हणाला, “वेग भारी! एकाच हिसक्यात! टोक तुटून हातात आलं, पण हिसका काय होता!”

“अरे, मग तेव्हाच बोलायचं ना!”

“तुझी गाडी, तुझी तार,” आयनार अदबीनं म्हणाला. “आम्ही कसं बोलणार?”

नवी तार मंगळवारशिवाय मिळणार नव्हती. पंखा बंद केला की काच गोठायची आणि सुरू केला की भट्टी! शनिवारी उणे पस्तीसमध्ये चारी खिडक्या उघड्या टाकून पिकअप हमरस्त्यावरून धावत होता. आत चौघी बायका बाह्या वर सारून बसलेल्या आणि ओरेस्ट गंजिफ्रॉकवर! शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं दोनदा डोळे चोळले. पण नवाच्या सामन्याला आठ पन्नासलाच चौघी बंदिस्त मैदानावर हजर! शिवाय असं सैल झालेलं अंग घेऊन त्या आजवर कधी खेळल्या नव्हत्या.

ओरेस्ट तिसऱ्या ओळीत आयनार आणि गॅस्टनच्या मधे बसला. भट्टीतून आल्यावर तिथला गारवा किती गोड! तीन दिवसांच्या कामानं अंग आंबलेलं. स्टेफीनं पहिला दगड सोडला, त्यानं टाळ्या वाजवल्या आणि क्षणभर डोळे मिटले. क्षणभरच!

आयनारचं कोपर लागलं तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्टेफी चषक घेऊन कठड्यापाशी आली. गाल लाल, डोळे ओले.

“पाहिलंस?”

“पाहिलं म्हणजे! वा! आणि तुझा तो शेवटचा दगड! अगदी मधोमध! असा दगड मी जन्मात पाहिला नाही!”

“ओरेस्ट,” स्टेफी शांतपणे म्हणाली, “शेवटचा दगड मी टाकलाच नाही. समोरच्या संघानं आधीच हार मानून हात मिळवले.”

आयनार आणि गॅस्टन छताकडे बघू लागले.

“हां,” ओरेस्ट म्हणाला, “पण टाकला असतास ना, तर मधोमधच पडला असता!”