आगट्यांची वस्त्रगाळ पूड

भाऊराव आगटे भेटले की नमस्कार करत नसत. दोन्ही हात आभाळाकडे उंच करून विचारत, "उजवी की डावी?"

नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ रस्ता विचारताहेत. ते काखेबद्दल विचारताहेत, हे फक्त आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक.

ही पन्नास-एक्कावन्नची डोंबिवली. आमच्या बैठ्या चाळीत आगट्यांची खोली आमच्या भिंतीला लागून. एकटेच राहत. नोकरी जमीनमोजणी खात्यात. आज बाळकुम, उद्या शीळफाटा, दिवसभर उन्हात साखळी टाकत हिंडायचं. घामावर त्यांनी स्वतःच पूड काढली होती. तुरटी तव्यावर फुलवायची, वाळा, नागरमोथा आणि कापूर खलात कुटायचा आणि सगळं जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. उजव्या काखेत एक प्रमाण, डाव्या काखेत दुसरं. संध्याकाळी निकाल आम्ही द्यायचा.

"भिडेखातर बोलू नका," ते बजावत. "मोजणीत भीड चालत नाही."

एकदा कापूर इतका झाला की माझी आई म्हणाली, "भाऊराव, तुम्ही दारात आलात की आरती म्हणावीशी वाटते." त्यांनी गंभीरपणे वहीत लिहिलं : 'डावी – देवळासारखी. कापूर निम्मा.' पुढच्या खेपेला लिंबाचा रस घातला. मग चार दिवस कोंबडा पंख पसरतो तसे हात धरून चालत होते.

एका संध्याकाळी मी दमून आलो होतो. आगटे हात वर करून उभेच. मी चार हातांवरूनच म्हटलं, "दोन्ही उत्तम!" आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, ते हात खाली ठेवूनच.

"वसंता, तू उत्तम म्हणालास ना रे? मी तीच पूड लावून आज कचेरीत गेलो. साहेबांनी नकाशा बघता बघता नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, आगटे, तुम्ही जरा दारापाशी उभे राहून बोला."

मी ओशाळलो. तरी म्हणालो, "पण भाऊराव, तुम्हाला स्वतःला नाही कळलं?"

त्यांनी नाकावर बोट ठेवलं.

"माझं नाक विषमज्वरात गेलं. कशाचाच वास येत नाही. ही होती तोवर रोज सदरा हातात घेऊन सांगायची, हा नको, तो घाला. आता सांगणारं कोण आहे?"

मी त्यांची माफी मागितली. "अरे, चालायचंच," म्हणून ते निघून गेले. रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. रविवारी तिनं त्यांना जेवायला बोलावलं.

पान वाढून आई त्यांच्यासमोरच बसली. म्हणाली, "आमटीत हिंग जरा जास्त झालाय हं. पण कढीपत्ता आत्ताच तोडलेला, त्याचा वास हिंगाच्याही पुढे येतोय."

आगट्यांचा हात पानावरच थांबला. त्यांनी विचारलं, "आणि भात?"

"गावाहून आलेला आंबेमोहोर. झाकण काढलं तर खोली भरून गेली. तूपही सकाळीच कढवलंय, अजून खमंग वास येतोय."

आगट्यांनी वाकून भाताची वाफ चेहऱ्यावर घेतली आणि डोळे मिटले.

"सावकाश सांगा, वहिनी," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाही."