चंद्राकाकूंची बैठक

उंच माणसाने मोटार बांधू नये. बांधलीच, तर बैठक आधी ठरवावी आणि मोटार मागाहून. रघुवीरने नेमकं उलटं केलं, म्हणून हे सगळं घडलं.

रघुवीर भोर संस्थानच्या दप्तरात कारकून होता आणि सहा फूट दोन इंच होता. त्याची बायको सौदामिनी बी.ए. होती आणि त्याच्याहून दोनच बोटं कमी होती. (लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांना पाटावर उभं राहावं लागलं होतं.) एका साहेबाने टाकून दिलेल्या मोटारीचा सांगाडा आणून त्याने अंगणात दोन वर्षं खपून स्पोर्ट्स कार तयार केली होती. ती इतकी ठेंगणी होती की मांजर तिच्याखाली शिरत नसे, वरून उडी मारून जाई.

आता प्रश्न बैठकीचा. खुर्ची ठेवली तर दोघांची डोकी काचेच्या वर जात आणि गुडघे स्टिअरिंगच्या चाकात अडकत. पाट ठेवला तर पाय पोटाशी येत. टांग्याची गादी घातली, तर पहिल्याच गचक्याला रघुवीर बॉनेटवर जाऊन बसला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण सौदामिनीला संस्थानने मुलींच्या शाळांची तपासनीस नेमलं होतं. पहिली तपासणी विंझरला, येत्या सोमवारी. सासरे अण्णांची अट अशी, की घरच्या सुनेने सर्व्हिस मोटारीत दहाजणांना खेटून जायचं नाही. स्वतःच्या वाहनाने जावं, शाळेच्या मास्तरची सही आणावी आणि दिवेलागणीच्या आत, गावात हसं न होता, घरी यावं. नाहीतर नोकरी नाकारल्याचं पत्र त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. कोनाड्यात, देवाच्या फुलांशेजारी.

"अण्णांचं अक्षर मात्र सुरेख आहे," रघुवीर म्हणाला.

"तुम्ही बैठक शोधा," सौदामिनी म्हणाली.

बैठक तिलाच सापडली, माळ्यावर. चंद्राकाकूंचा मेणा! चंद्राकाकू म्हणजे अण्णांची काकू. तीही उंच, म्हणून तिचा मेणा खास लांब करून घेतलेला. पाठ टेकून, पाय पसरून, दोन माणसं ऐसपैस मावतील असा. छप्पर काढून खालचा पेटारा चार बोल्टांनी सांगाड्यावर बसवला आणि जणू त्यासाठीच केला होता असा बसला. दांड्याच्या कड्या तशाच ठेवल्या, शोभेला म्हणून.

अण्णांचा चेहरा मात्र उतरला. "सूनबाई, त्यात कुणी बसत नाही. काकूचं माहेर विंझरचं. बारा वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही. शेवटी पाठवली, तर वाटेतच गेली. याच मेण्यात."

"बारा वर्षं का नाही पाठवलं?"

"तेव्हाची पद्धत."

"मग भुताला घाबरण्याआधी पद्धतीला घाबरायला हवं होतं," सौदामिनी म्हणाली. (वडीलधाऱ्यांशी असं बोलू नये, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती बोलली.)

सोमवारी पहाटे निघाले. चाक सौदामिनीच्या हातात. दोघं जवळजवळ आडवीच होती. मेण्याच्या काठावरून फक्त डोळे रस्त्यापुरते वर. कामथडीपर्यंत सगळं ठीक चाललं. नसरापूरला धुकं लागलं. असं तसं धुकं नव्हे, झाडं गिळणारं.

आणि मागून आवाज आला. टक. टक. टक.

"तुम्ही वाजवताय?"

"मी माझे गुडघे धरून बसलोय. दोन्ही हातांनी."

इतक्यात चाक आपोआप डावीकडे गेलं. धुक्यात सौदामिनीला विंझरचा फाटा दिसलाच नव्हता. मोटारीला दिसला असावा. गुंजवणीच्या कडेने गार वारा येत होता, पण तिच्या मानेला लागत होतं ते ऊबदार होतं. कुणीतरी अगदी जवळून, घाईने श्वास टाकावा तसं.

"इंजिनाची वाफ," ती मोठ्याने म्हणाली.

"इंजिन पुढे आहे," रघुवीर हळूच म्हणाला.

टक. टक. टक.

विंझरच्या वेशीवर धोंडाबाई नावाची म्हातारी शेणी थापत होती. तिला धुक्यातून काय दिसलं? लाल गादीचा मेणा, आत माणूस नाही, खाली भोई नाहीत, आणि तरी तो सरसर पुढं येतोय. दुसरी कुणी असती तर पळाली असती. धोंडाबाई घरात गेली आणि भाकरीचा तुकडा नि पाण्याचा हंडा घेऊन आली.

"आली गं माझी चंद्री! कुलकर्न्यांची लेक आली! लई वाट बघाय लावलीस, बाय!"

तिने तुकडा ओवाळून टाकला. माहेरवाशिणीचे पाय धुवायचे, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं. उरलेला हंडा तोंड धुवायला म्हणून तापलेल्या इंजिनावर ओतला. फुस्स झालं, कडाड झालं आणि रघुवीरच्या दोन वर्षांना उभा तडा गेला.

त्याबरोबर टकटकही थांबली.

"थांबलं न्हवं?" धोंडाबाई वाकून म्हणाली. "पोचली ती."

"आजी, मोटार बंद पडली म्हणून आवाज थांबला!" सौदामिनी ताडकन उभी राहिली. धुक्यातून एवढी उंच बाई उगवलेली पाहून, आरडाओरडा ऐकून जमलेलं सगळं गाव हात जोडून खाली बसलं.

"व्हय," धोंडाबाई म्हणाली, "तीबी अशीच उंच हुती."

शाळेच्या पटावर एकतीस मुली होत्या. मास्तर खासगीत म्हणाले, रोज चार येतात. आज एकतीसच्या एकतीस मोटारीभोवती हजर होत्या. सौदामिनीने तिथेच पाढे घेतले, वाचन घेतलं, भूत नसतं यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. मुलींनी माना डोलावल्या आणि जाताना तिच्या पाया पडल्या. मास्तरांनी सही केली.

आता परतायचं कसं? सौदामिनी म्हणाली, चालत. गाव म्हणालं, न्हाई.

"म्हायेराला आलेली लेक पायी धाडत न्हाईत," गेनबा पाटील म्हणाले. "आमाला काय रीतभात न्हाई व्हय?"

चार बोल्ट सुटले. कड्यांतून दांडा गेला. ओटीत नारळ पडला. आणि स्पोर्ट्स कारमधून आलेली शाळा-तपासनीस चौघांच्या खांद्यावरून परत निघाली. गावोगाव खांदे बदलत होते. रघुवीर स्टिअरिंगचं चाक काढून हातात घेऊन, जावयाला शोभेल अशा गांभीर्याने शेजारून चालला होता.

गादी फार आरामाची होती, हे सौदामिनीने अहवालात लिहिलं नाही.

भोर जवळ आलं, नीरेचा पूल दिसला. सूर्य अजून कासराभर वर होता. टकटक दिवसभरात पुन्हा झाली नव्हती, आणि तेच तिला चैन पडू देईना. आवाज नेमका कुठल्या फळीतून येत होता? निव्वळ शास्त्रीय जिज्ञासेने तिने पाठीमागच्या लाकडावर बोटाने वाजवून पाहिलं.

टक. टक. टक.

चौघेही भोई मेणा टाकून असे पळाले, की त्यातला एक म्हणे सारोळ्याला जाऊन थांबला.

उरली नवराबायको. दोघं जवळजवळ सारख्या उंचीची, त्यामुळे पुढे रघुवीर, मागे सौदामिनी असा दांडा उचलल्यावर मेणा अगदी समतोल राहिला. पूल ओलांडून, पेठेतून, सगळ्या भोरच्या देखत ती दोघं दिवेलागणीच्या आत दारात आली. (हसायचं मात्र कुणाला सुचलं नाही.)

अण्णा ओट्यावर उभे होते. हातात ते पत्र.

"सही?"

"आणलीय."

"मोटार?"

"विंझरला."

अण्णांनी मेण्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "सूनबाई, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग वाटेत टाकून का नाही आलात? एवढं जपून, न हिंदकळवता का आणलंत?"

सौदामिनीने तोंड उघडलं. बी.ए.ला तिचा तर्कशास्त्रात पहिला नंबर होता. "म्हणजे… भर रस्त्यात… त्यांना एकट्यांना कसं सोडायचं?"

अण्णांनी पत्राचे चार तुकडे केले. "जा नोकरीला. पण आधी त्यांना उतरवून घे."

सौदामिनी पाय आपटत आत गेली. असल्या अडाणीपणाविषयी तिला पुष्कळ बोलायचं होतं. क्षणभराने तिचं डोकं दाराच्या चौकटीखालून वाकून बाहेर आलं.

"अण्णा, ओवाळायला भाकरी नाही उरली. दहीभात चालेल ना त्यांना?"