अकराचा अहवाल

मंगळवारी सकाळी अकरा वाजता पाणीपुरवठा कार्यालयाचा रोजचा अहवाल पापणी लवायच्या आत पडद्यावर आला. त्या वेळी हेडक्लार्क अण्णांच्या हातात चहाचा कप होता. तो अजून ओठांपर्यंत पोचलाही नव्हता.

"बिघडलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"बिघडलं नाही अण्णा, दुरुस्त झालं," समोरच्या टेबलावरून बेसबाई म्हणाल्या.

बेसबाईंचं खरं पद डेटाबेस प्रशासक. तेवढा शब्द कार्यालयाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याची काटछाट झाली. कामावर घेताना त्यांना तात्पुरतं घेतलं होतं आणि कायम करायचं की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. शेरा शुक्रवारी जायचा होता. आधीच्या कंपनीत त्यांना कायमची रात्रपाळी होती. ती जागा अजून रिकामी होती आणि इथे जमलं नाही तर तिथेच परत जावं लागणार होतं. "पोरगी तुला आई म्हणते ते मी शिकवलंय म्हणून," असं सासूबाईंनी त्या काळात एकदा शांतपणे सुनावलं होतं.

तेव्हा काहीतरी ठळक करून दाखवणं भाग होतं. आणि कार्यालयात सगळ्यांत ठळक गोष्ट होती अकराचा अहवाल. रोज अकराला अण्णा बटण दाबत, पडद्यावर निळं चक्र गरगर फिरू लागे आणि साडेअकराच्या सुमारास प्रलंबित तक्रारींची आकडेवारी येई. चक्राने कधी घाई केल्याचं जुन्याजाणत्यांच्याही ऐकिवात नव्हतं.

"झालं काय पण?" अण्णांनी विचारलं.

"इंडेक्स घातला. म्हणजे बघा, दवाखान्यात खचाखच माणसं बसलीत आणि कंपाउंडर एकेकाला विचारत फिरतोय, तुम्हीच का ते, तुम्हीच का ते. आपलं मशीन इतकी वर्षं तेच करत होतं. आता मी सगळ्यांना नंबर देऊन ओळीत बसवलंय."

"आम्हाला न विचारता?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काय करायचं ते करा, फक्त आम्हाला दिसता कामा नये."

"मग हे दिसलं की," अण्णा म्हणाले.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. अहवाल पुन्हा आला. तिसऱ्यांदा ते बटणावर बोट ठेवून थोडा वेळ थांबले, मशीनला विचार करायला सवड मिळावी म्हणून. तरी तोच आकडा, तितक्याच वेगाने. शेवटी अण्णा अहवाल घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाले.

साहेब त्या वेळात दार लावून महत्त्वाच्या फायली वाचत असत. अण्णांनी दार ढकललं तेव्हा साहेब जमिनीवर उताणे होते आणि त्यांचे पाय खुर्चीवर होते. पाठीच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास हा व्यायाम सांगितला होता आणि घरी तेवढी मोकळी जमीन नव्हती.

"अहवाल आला, साहेब."

"कसला?"

"आजचा."

"आजचा अजून यायचाय," साहेब छताकडे बघत म्हणाले.

अण्णांनी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. साहेबांनी तो झोपूनच वाचला आणि मग त्यांना उठावं लागलं, कारण अहवाल आला की बैठक, हा त्यांचाच नियम होता.

बैठक सव्वाअकराच्या आत सुरू झाली. "टाकीमागच्या वस्तीत पाणी का नाही?" साहेबांनी विचारलं. अण्णांनी खिशातला पेन काढून पुन्हा खिशात ठेवला. एरवी त्यांच्याकडे उत्तर तयार असे. चक्र फिरत असताना ते चहा पीत आणि पिता पिता सगळ्या पंपघरांना फोन लावत. कुठला व्हॉल्व्ह बंद आहे, कोण सुट्टीवर आहे, कुणाची पत्नी माहेरी गेल्यामुळे पंप उशिरा सुरू झालाय, हे सगळं अहवालाच्या आधी अण्णांना कळलेलं असे. आज अहवाल आधी आला होता आणि माहिती मागे राहिली होती.

"चौकशी करून सांगतो."

"मग चौकशी होईपर्यंत आपण बसू," साहेब म्हणाले. सगळे बसले. पंपघरांना फोन करणारे अण्णाच बैठकीत बसले होते, त्यामुळे चौकशी झाली नाही आणि बैठक जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबली. साहेबांची पाठ दुपारी पुन्हा धरली.

खरी पंचाईत मात्र बाहेर, तक्रारताईंच्या खिडकीत झाली. तक्रारताई फोन घेत. कोणी रागाने फणफणत तक्रारीचा नंबर सांगितला की त्या म्हणत, "थांबा हं, बघते," आणि चक्र फिरू लागे. माणूस एका सुरात फार वेळ रागावू शकत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. चक्र थांबेपर्यंत बोलणाऱ्याचा आवाज खाली येई, कधी कधी तो ताईंच्या गुडघ्यांचीही चौकशी करी. इंडेक्स घातल्यावर नंबरचा शेवटचा आकडा टाकताच उत्तर समोर येऊ लागलं.

"प्रलंबित आहे तुमची," ताईंनी टाकीमागच्या वस्तीतल्या एका निवृत्त मास्तरांना सांगितलं.

"काय बघितलंत?"

"तुमची तक्रार."

"कधी बघितलीत? मी नंबर सांगून श्वास घेतोय, तोवर प्रलंबित? अहो, निदान बघायचं सोंग तरी करा."

"बघितलं हो, खरंच. मशीन लवकर सांगतं आता."

"पाणी दोन दिवस नाही आणि मशीन मात्र लवकर. चांगलंय."

मास्तरांनी मुख्यालयाकडे लेखी तक्रार केली: कर्मचारी न बघता उत्तर देतात. बुधवारी तशीच आणखी पत्रं गेली. जलद उत्तर म्हणजे न बघितलेलं उत्तर, याबद्दल गावात एकमत झालं. पाण्यावरून गावात एवढं एकमत पूर्वी कधीच झालं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बेसबाई घरी गेल्या तेव्हा सासूबाईंनी ताटावरून विचारलं, "तुझ्या त्या कामाचं काय झालं? खूश झाले का साहेब?"

"काम शंभर टक्के बरोबर झालंय, आई. त्यामुळे सगळे माझ्यावर चिडलेत."

"बरोबर केलंस की असंच होतं. मी भाजी निवडताना एकही अळी ठेवत नाही, म्हणून उशीर होतो ना? तुझे सासरे तेवढ्या वेळात आख्खा पेपर वाचायचे. एकदा दुकानातून निवडलेली भाजी आणली, तर म्हणाले, घरात हल्ली वाचायलाच मिळत नाही."

बेसबाईंचा घास हातातच राहिला. पोरगी म्हणाली, "आई, तू रात्री जाणार नाहीस ना आता?"

गुरुवारी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. ते उभे होते. बसलं की उठवत नव्हतं.

"बाई, तुम्ही केलंत ते उत्तमच केलंत. पण ते थोडं... हळू करता येईल का?"

"मुद्दाम हळू करायचं, साहेब?"

"मुद्दाम म्हणू नका. पूर्वीसारखं म्हणा."

"इंडेक्स मी काढणार नाही. माझ्या हाताने मी चांगली गोष्ट मोडणार नाही."

"मोडू नका हो. चांगली गोष्ट राहू द्या. तिने जरा थांबावं, एवढंच म्हणणं आहे."

बेसबाई जागेवर आल्या. अण्णा आणि तक्रारताई तिथे आधीच उभे होते, दोघेही पाण्याचा ग्लास घेऊन, आपल्याला तहान लागली आहे अशा चेहऱ्याने.

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही जे सांगायला लावलंत तेच."

"आम्ही कशाला सांगू? पाठ त्यांची आहे."

बाई पडद्यासमोर बसल्या. मग एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की उत्तर मिळालं तरी लगेच देऊ नये, थोडं थांबावं. अकराच्या अहवालासाठी त्यांनी जुन्याइतकाच वेळ ठेवला. फोनवरच्या तक्रारीसाठी एक राग निवेल इतका, आणि तो किती ते त्यांनी ताईंना विचारून ठरवलं. नियमाप्रमाणे त्यांनी दोन्ही बदलांची नोंदही केली. पहिली सुधारणा: शोध जलद केला. दुसरी सुधारणा: शोध वापरणाऱ्यांच्या सोयीचा केला. खोटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

शुक्रवारी अकराला चक्र फिरू लागलं. अण्णांनी कप उचलला आणि पहिल्या पंपघराला फोन लावला. साहेबांच्या खोलीचं दार लागलं. टाकीमागच्या वस्तीतला व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला होता, तो अहवाल यायच्या आधीच उघडला गेला. दुपारी मास्तरांचा फोन आला. ताई म्हणाल्या, "थांबा हं, बघते."

चक्र थांबलं. "मिळाली तुमची तक्रार. आज काम झालंय."

"आता कसं नीट बघितलंत," मास्तर म्हणाले. "गुडघे काय म्हणतात?"

संध्याकाळी साहेबांनी शेरा लिहिला: बाईंच्या सुधारणेमुळे कामाचा दर्जा लक्षणीय वाढला आहे, कायम करावे. बाईंनी घरी फोन करून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कागद हातात आला की पेढे. आधी नाही."

सोमवारी मुख्यालयाचा निरोप आला. सुधारणेबद्दल मुख्यालयाला समाधान वाटत होतं. हीच सुधारणा बाईंनी या आठवड्यात सर्व कार्यालयांत आणि खुद्द मुख्यालयातही लागू करावी, त्यानंतर कायम केल्याचा आदेश काढण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं.

"हीच म्हणजे कुठली?" बेसबाईंनी विचारलं.

अण्णांनी निरोप दोनदा वाचला. "'हीच सुधारणा' असं एकवचनात आहे."

"नोंदी दोन आहेत. नुसती पहिली घातली तर सगळीकडे मंगळवार होणार. दोन्ही घातल्या तर जिथे आज चक्र फिरत नाही तिथेही फिरायला लागणार. आणि चुकीची घातली तर आदेश राहिला बाजूला, मी पुन्हा रात्रपाळीला."

"मग विचारा त्यांनाच."

बाईंनी मुख्यालयात फोन लावला आणि दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "थांबा हं, सिस्टीममध्ये बघतो. जरा वेळ लागतो आमच्याकडे."

"थांबते," बाई म्हणाल्या.

नव्या कामासाठी मुख्यालयाचा सर्व्हर सकाळपासून त्यांच्या पडद्यावर उघडा होता. तिथे कोण काय शोधतंय ते बसल्या जागी दिसत होतं. त्यांनी पाहिलं. त्या घडीला मुख्यालयात कोणीही काहीही शोधत नव्हतं. फोनमधून कपात चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

बेसबाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. अण्णांनी त्यांच्यासमोर चहा सरकवला. हे लिहीपर्यंत पलीकडून उत्तर आलेलं नाही. फोन चालू आहे.