भिंतीपलीकडचा उजेड

"आता घरी न्या. जे आवडेल ते करू द्या त्यांना," असं डॉक्टर त्याच्या बायकोबद्दल म्हणाले, तेव्हाच त्याला सगळं समजलं. त्याचा जन्म बस चालवण्यात गेला होता. रस्ता कुठे संपतो ते त्याला पाटी न वाचताही कळायचं.

बायकोची जुनी हौस होती. बागेत मेणबत्त्यांचे कंदील लावायचे, तेही घरी केलेले. तो दरवेळी "करू गं" म्हणून वेळ मारून न्यायचा. आता मात्र ती इस्पितळातून येण्याआधी त्याने दुधाच्या पातेल्यात मेण वितळवलं, काचेच्या बरण्यांत ओतलं आणि उरलेलं मोरीत. मोरी तुंबली.

"बाबा, मेण कुणी मोरीत ओततं का?" लेक ओरडली.

"ओतलं तेव्हा पातळ होतं गं!"

पहिली बरणी त्याने पेरूच्या झाडाला सुतळीने टांगून पेटवून पाहिली. सुतळी जळली आणि बरणी थेट पायावर आली. मग लंगडत लंगडत बाकीच्या तारेने टांगल्या.

दुपारी रुग्णवाहिका आली. बायकोबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडरही उतरला. पलंग खिडकीशी लावून झाल्यावर नर्सने बजावलं, "घरात, बागेत काडीसुद्धा ओढायची नाही."

"साधी मेणबत्ती?" त्याने हळूच विचारलं.

"काका, काकूंना घरी आणलंय की वर पाठवायचंय? भिंतीपलीकडे काय हवं ते पेटवा."

भिंतीपलीकडे शेजारीण राहायची. पेरूची पानं तिच्या बागेत पडतात यावरून दोन्ही घरांत कित्येक वर्षं अबोला होता. त्याने बरण्या टोपलीत भरल्या आणि तिचं दार वाजवलं.

"पानं उचलायला आलात?"

"नाही. मेणबत्त्या लावायला."

"एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंत, ते माझी बाग पेटवायला?"

"आमच्या हिला खिडकीतून दिसतील म्हणून..." त्याने टोपली पुढे केली.

दुपारची रुग्णवाहिका शेजारणीने पाहिली होती. तिने टोपलीतली एक बरणी उचलून उलटसुलट केली. मग म्हणाली, "शिडी मागे आहे. आणि माझ्या रोपांवर पाय पडला तर याद राखा."

संध्याकाळी तिची बाग उजळून निघाली. वाऱ्याने एखादी वात विझली की ती स्वतःच काडेपेटी घेऊन धावायची आणि वाकड्या वाती करणाऱ्याचा उद्धार करत ती पुन्हा लावायची.

इकडे बायको कितीतरी वेळ एकटक पाहत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. तिने नवऱ्याला खुणेने जवळ बोलावलं.

"अहो, बघा. बाई एकटी राहते, पण हौस किती! नाहीतर तुम्ही."

लेकीने काही बोलायला तोंड उघडलं. त्याने तिचा हात घट्ट दाबला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला आणि बायकोला नीट दिसावं म्हणून त्याने तिची उशी जरा उंच केली.