एक सिंफनी, चार काठीवाले

पुंडलिकनगरातल्या सोसायटीच्या फळ्यावर सोमवारी सकाळी खडूनं सूचना लिहिली गेली: 'दर रविवारी एकच गाणं वाजवणाऱ्या सभासदांनी हेडफोन वापरावा. हुकमावरून, अध्यक्ष.' नाव लिहिलेलं नव्हतं, पण शेजारी बाण काढून तो फ्लॅट नंबर सहाकडे वळवलेला होता.

फ्लॅट नंबर सहाच्या सुकेशनी खरात यांनी सूचना उभ्यानं वाचली, खडू उचलला आणि खाली लिहिलं: 'हे गाणं नाही आणि ते एकच नाही. हेडफोन वापरणार नाही. खुलासा समक्ष ऐकावा.' वैजापूरच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या बाईला उत्तर देताना शब्द शोधावे लागत नाहीत.

त्यांच्याकडे एका जर्मन संगीतकाराच्या सातव्या सिंफनीच्या, चार शहरांतल्या चार वाद्यवृंदांनी वाजवलेल्या, चार सीडी होत्या. त्या संगीतकाराचं नाव इमारतीत कुणालाच धड घेता येत नसल्यानं सगळे तिला नुसती 'सातवी' म्हणत. रविवारी नऊ ते दहा, खिडक्या उघड्या टाकून, सुकेशनीताई ती मोठ्यानं ऐकत आणि वाद्यवृंदाचा कोणता कंडक्टर कुठे घाई करतो, कुठे रेंगाळतो, ते वहीत लिहून ठेवत. हेडफोनचं नाव काढलं की त्या म्हणत, "आवाज खाली ठेवून लई वर्षं काढली. आता नाही."

बुधवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. अध्यक्ष नानासाहेब मधोमध बसले. तक्रार शेजारच्या आकाशची होती. त्याचे वडील धोंडिबा यांनी सोयगावकडे पन्नास वर्षं मेंढरं राखली होती आणि दोन वर्षांपासून ते मुलाकडे राहत होते. पुरावा म्हणून त्यांनाही आणलं होतं. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"आबांची खाट भिंतीला लागून आहे," आकाश म्हणाला. "काकूंनी ते लावलं की आबा चिडतात. भिंतीकडं पाठ करून बसतात. आणि काकू, खरं सांगा, असलं आपल्याकडं कोण ऐकतं?"

"आपल्याकडं म्हणजे कुणाकडं?" सुकेशनीताईंनी विचारलं.

आकाश चप्पल बघायला लागला.

"आम्ही काय करायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं असतं, तर माझ्या आईनं मला शाळेत पण घातलं नसतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकते. म्हणजे आपल्याकडं ऐकतात."

नानासाहेबांनी घसा साफ केला. "ताई, ऐकण्याबद्दल वाद नाही. पण आम्हाला तर दर रविवारी तेच वाटतं."

"सूर तेच. पण पुढं उभा राहून काठी हलवणारा बदलला की सगळं बदलतं."

"मग न बघता ओळखून दाखवा," आकाशनं संधी साधली. "चारही ओळखल्या तर खुशाल लावा. नाहीतर हेडफोन."

"लावा पैज," सुकेशनीताई म्हणाल्या. त्यांचे यजमान इंद्रजीतराव त्यांचा पदर ओढायला पुढे झाले, पण तोवर उशीर झाला होता.

सीडी प्लेअर आणि स्पीकर खाली आणले. सुकेशनीताई पाठ करून बसल्या. इंद्रजीतरावांनी पहिली सीडी घातली आणि सिंफनीचा दुसरा भाग लावला.

"बर्लिन," सुकेशनीताई लगेच म्हणाल्या.

इंद्रजीतरावांनी पाकीट दोनदा वाचलं. "अं... लंडन."

"तुम्ही पाकिटं बदललीत. दुसरी लावा." दुसरी लागली. "हे लंडन."

"हे बर्लिन," इंद्रजीतराव खालच्या आवाजात म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला चूक म्हणण्याची ही दुसरी वेळ होती आणि पहिली नुकतीच होऊन गेली होती.

तिसरी लागली. सुकेशनीताईंनी या वेळी बराच वेळ घेतला. "व्हिएन्ना," त्या म्हणाल्या.

"नाय," काठीवरची हनुवटी उचलून धोंडिबा बोलले. "ह्यात आता एक माणूस खोकंल. थांबा."

सगळे थांबले. व्हायोलिनं हळूहळू वर चढत होती. तेवढ्यात, रेकॉर्डिंग झालं त्या मैफिलीत मागच्या रांगेत बसलेलं कुणीतरी स्पीकरमधून स्वच्छ खोकलं.

"दोन वर्सं झाली, त्याला कुणी दवा देईना," धोंडिबा म्हणाले.

इंद्रजीतरावांनी पाकीट वाचलं. ते ॲमस्टरडॅम होतं. मग नानासाहेबांनी स्वतः उठून सीडींची उलटापालट केली आणि धोंडिबांना पाठ करून बसवलं. धोंडिबांनी चारही ओळखल्या. नावं अर्थात त्यांची होती, पण पुन्हा पुन्हा लावूनही ज्या त्या सीडीला तेच नाव आलं: खोकणारा, पळपुट्या, बैठा आणि लाडावलेला.

"तुम्हाला कसं कळतं?" सुकेशनीताईंनी विचारलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुमी पाकीट वाचून ऐकताव. मला वाचता येत नाय." धोंडिबांनी काठी आपटली. "मेंढरं तीच असत्यात ताई, हाकणाऱ्याची तऱ्हा येगळी."

"मग आबा, तुम्ही चिडता कशाला?" आकाश कळवळून म्हणाला.

"चिडू नाय तर काय करू? महिना झाला, पळपुट्यालाच लावत्यात. कळप पळवला की मेंढरू हडकतं. बघवत नाय, मग पाठ करतो."

नानासाहेबांनी निकाल दिला. चारही सीडी ओळखल्या गेल्या होत्या. कुणी ओळखायच्या हे ठरलंच नव्हतं. तेव्हा रविवारी वाजवायला हरकत नाही. मात्र कोणती वाजवायची, ते धोंडिबा सांगतील.

"मी परवानगी मागितलीच नव्हती," सुकेशनीताई स्पीकर उचलत म्हणाल्या. "आणि माझ्या घरात काय वाजेल ते मी ठरवीन."

रविवारी नऊ वाजता त्यांनी खिडक्या उघडल्या, मुद्दाम पळपुट्या लावला आणि आवाज नेहमीपेक्षा वर नेला. वहीत ओळखण्याच्या खुणा लिहायला बसल्या, पण चार वर्षांच्या नोंदी आपण कानानं केल्या की पाकिटावरून, हे त्यांना आता सांगता येईना. ते फार लागलं होतं. दारावरची बेल वाजली तेव्हा त्या भांडायच्या तयारीनंच उठल्या.

"जयभीम, ताई," दारात धोंडिबा होते. "भिंतीतून नीट ऐकू येईना. बसू का?"

ते बसले आणि त्यांनी सगळा दुसरा भाग ऐकला. मग म्हणाले, "ह्याच्यात तुमाला काय गोड लागतं, ते सांगा बरं."

चार वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "याला परदेशातल्या मासिकानं पाच तारे दिलेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यात थोर हाच, म्हणतात."

"ते त्यांचं झालं. तुमचं सांगा."

सुकेशनीताईंनी वही मिटली. "नाही आवडत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून नाही आवडला."

"मंग इतकी वर्सं कुणाला भिऊन लावला?"

तहसीलदाराला आपण कधी भ्यालो नाही, हे त्यांना आठवलं. त्या उठल्या, पळपुट्याला अर्ध्यातच बाहेर काढलं आणि खोकणारा आत घातला.

"अगं, तो पाच तारेवाला का बंद केलास?" इंद्रजीतराव आतून घाबरून म्हणाले.

"मला तो आवडत नाही म्हणून," सुकेशनीताई सगळ्या पुंडलिकनगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.